ती पाळी नव्हती

खरवई गावाच्या बाजूला गेल्या दहा वर्षांत ज्या इमारती उठल्या, त्यातल्या एका सात मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर वृंदा राहते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ती क्वालिटीला आहे. क्वालिटीला असलेल्या माणसावर कारखान्यात कुणाचं प्रेम नसतं. बॅच तयार झाली की तिचा नमुना वृंदाच्या टेबलावर येतो, ती दर तासाला रीडिंग घेते, वेळ लिहिते, आणि एखादा आकडा जरा जरी इकडेतिकडे दिसला तर डब्यावर लाल चिठ्ठी लावून सगळी बॅच अडकवून ठेवते. ऑपरेटर मागे कुरकुर करतात की मॅडमच्या टेबलावर माल गेला, आता निवांत चहा पिऊन या. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. इतकी काटेकोर बाई स्वतःच्या बाबतीत काय करून बसली, तीच ही हकीकत.

लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. नवरा यज्ञेश दुसऱ्या एका केमिकल कंपनीत अधिकारी. पहिली काही वर्षं दवाखाने झाले, तपासण्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मग दोघांनी एकमेकांशी न बोलताच ते सगळं सोडून दिलं. वृंदाची पाळी तशीही कधी वेळेवर यायची नाही. दीड महिना, कधी दोन. आधी प्रत्येक वेळी ती टेस्टची पट्टी आणायची आणि बाथरूममध्ये पाच मिनिटं भिंतीला टेकून उभी राहायची. एक रेघ बघून बघून तिला त्या पट्टीचाच राग आला, आणि चार वर्षांपूर्वी तिनं ती आणणं बंद केलं.

यज्ञेशच्या घरच्या गणपती-गौरी डोंबिवलीला मोठ्या दिरांकडे असायच्या. अकरा वर्षं वृंदा तिथे सोळा भाज्या चिरायला जायची. पूजा हिमानी करायची, म्हणजे मोठी जाऊ. तिला दोन मुलं. सासूबाई मालिनीताई काही वाईट बाई नव्हेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्या वृंदाला कधी टोचून बोलल्या नाहीत, त्यांनी तिच्या डब्याची काळजी केली, तिच्या नोकरीचं चारचौघांत कौतुक केलं. फक्त गौरी बसवायची वेळ झाली की त्या सहज म्हणायच्या, "लेकुरवाळीनं हात लावावा, तशी रीत आहे आपली." मग वृंदा हातातला हार हिमानीकडे द्यायची आणि मागे जाऊन उभी राहायची. फोटोंत ती कुठेच नाही, कारण फोटो तीच काढायची.

या वर्षी डोंबिवलीची इमारत पाडायला घेतली आणि हिमानीचं बिऱ्हाड तात्पुरत्या दोन खोल्यांत गेलं. गौरी कुठे बसवायच्या हा प्रश्न आला. मालिनीताई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "वृंदा, तुझ्याकडेच आणू या. घर तुझं, तेव्हा पूजाही तूच कर." वृंदानं फोन ठेवला आणि ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन रडून आली. तिला दुसरं काही नको होतं. एकदा तरी त्या घरात आपली गणती व्हावी, एवढंच हवं होतं.

मग तिनं कॅलेंडर पाहिलं. श्रावण लागता लागता दोन दिवस थोडे डाग दिसले होते. तीच पाळी असं तिनं धरलं होतं. त्या हिशेबानं पुढची तारीख नेमकी गौरींच्या दिवसांत येत होती. यावर उपाय काय, हे आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कुठल्याही मेडिकलवर जा, पाळी पुढे ढकलायची गोळी मागा, दुकानदार तोंड वर न करता विचारतो, "किती दिवसांची?" दिवस गेलेत का, टेस्ट केलीत का, हे तो विचारत नाही, आणि आपण तरी कुठे स्वतःला विचारतो. वृंदानंही पाकीट घेतलं आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ न चुकता गोळ्या सुरू केल्या.

गौरी आल्या त्या सकाळी तिला तपकिरी डाग दिसला.

ती बाथरूममध्ये तशीच उभी राहिली. बाहेर हिमानीची मुलं दारापासून पाटापर्यंत गौरीची पावलं काढत होती आणि कुंकू सांडल्याबद्दल ओरडा खात होती. गोळी चालू असताना रक्त दिसायलाच नको होतं. कारखान्यात असा आकडा दिसला असता तर तिनं लाल चिठ्ठी लावून सगळं थांबवलं असतं. घरात तिनं काय केलं, तर एक गोळी जास्त घेतली. गोळी कमी पडली असणार, असं स्वतःला समजावलं आणि हात धुऊन गौरीला साडी नेसवायला गेली. कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. सांगितलं असतं तर मालिनीताईंनी न रागावता, अगदी प्रेमानंच तिला आतल्या खोलीत बसवलं असतं, आणि हार पुन्हा हिमानीच्या हातात गेला असता.

दुसऱ्या दिवशी, पूजेच्या दिवशी, रक्त लाल झालं. कंबरेतून कळ निघायची, ओटीपोटात येऊन आवळायची, जरा सोडायची, पुन्हा यायची. वृंदाच्या पाळीत असं कधी दुखत नसे. तिनं ओट्याला पोट टेकवून पुरण वाटलं. हिमानी म्हणाली, "किती पांढरी पडलीस गं, जरा पड जा." वृंदा म्हणाली, "झोप झाली नाही ताई, बाकी काही नाही." तिनं पूजा केली, नैवेद्य दाखवला. यज्ञेशनं या वेळी तिचे फोटो काढले. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या एका वयस्कर बाईंनी तिची ओटी भरली आणि तिच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कडेवर घेऊन बस हो गौरीपुढे." वृंदा वाकून पाया पडली. उठताना तिला भिंत धरावी लागली. सगळ्या बायका हसत होत्या, वाणाची पाकिटं उघडून बघत होत्या, आणि त्या वीस बायकांत तिला काय होतंय हे एकीलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि तिला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गौरी-गणपतीचं विसर्जन. उत्तरपूजा झाली, गौरींचे मुखवटे उतरवून मऊ कापडात गुंडाळले. दुपारी सगळे गणपती घेऊन नदीवर निघाले. वृंदानं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मालिनीताई म्हणाल्या, "दमली पोर, राहू दे." यज्ञेश जाता जाता म्हणाला, "दार लावून घे." खालून ताशाचा आवाज सुरू झाला, मग हळूहळू नदीच्या दिशेनं लांब गेला. दिवाणखान्यात डोकी नसलेल्या दोन साड्या तेवढ्या उभ्या होत्या.

दीड वाजता बाथरूममध्ये पहिली गाठ पडली. मोठी होती, लिंबाएवढी. वृंदा कमोडवर बसून राहिली आणि मग सवयीनं तिनं मोबाईल उघडून वेळ लिहिली. एक तीस, पॅड बदललं, गाठ. दोन दहा, पॅड पूर्ण भिजलं. दोन पंचेचाळीस, पुन्हा. लिहून झाल्यावर तिनं ते तीन आकडे एकाखाली एक पाहिले, आणि दोन दिवस झाकून ठेवलेली गोष्ट तिला त्या आकड्यांत दिसली. असा रिपोर्ट दुसऱ्या कशाचा असता तर तिनं सही केली नसती. हे गोळीचं नव्हतं. हे कशाचं आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण हे थांबणारं नव्हतं.

तिनं यज्ञेशला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. ढोलताशात खिशातला फोन कुणाला ऐकू येणार. तिनं हिमानीला लावला आणि तो तिथेच, टीव्हीच्या बाजूला चार्जिंगवर वाजायला लागला. वृंदा भिंत धरून दारापर्यंत आली. समोरच्या घराला कुलूप, बाजूच्या घराला कुलूप. एकशेआठला लावावा असं एकदा मनात आलं. मग तिलाच लाज वाटली. पाळी जास्त जातेय म्हणून कुणी ॲम्ब्युलन्स बोलावतं का? बाई मरायला टेकली तरी लाज सुटत नाही, याचा या कथेपुरता तरी मला संताप येतो. ती दारातच खाली बसली. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं होतं.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि सगुणाबाई बाहेर आल्या. सगुणाबाई खरवई गावातल्या. त्यांच्या शेतातल्या बहुतेक जागेवर आता अशाच इमारती आहेत, उरलेल्या तुकड्यात त्या भाजी लावतात आणि इमारतीच्या गेटवर विकतात. गौरीसाठी तेरडा आणि भाज्या त्यांनीच आणून दिल्या होत्या, आणि त्याची टोपली वर राहिली होती ती न्यायला आल्या होत्या.

"काय गो बाय, दारात का बसलीस?" असं म्हणत त्या वाकल्या आणि वृंदाच्या गाऊनवरचं रक्त त्यांना दिसलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कवापासून?"

"परवापासून. पाळी आहे, सगुणाबाई. गोळ्या घेतल्या होत्या, त्यानं जास्त जातंय."

"गाठी परतात?"

"हो, मोठ्या पडतात."

"कलेवर कला येतात? येतात नि जातात, असा?"

वृंदानं मान हलवली.

"याच्या आधी पाली कवा आली व्हती? नीट, चार दिस अंगावरून गेली, अशी?"

वृंदा आठवायला लागली. श्रावणातले ते दोन दिवसांचे डाग सोडले तर त्याआधी जूनच्या शेवटी. ते शब्द तोंडातून निघाले आणि तिचे तिलाच ऐकू आले. जून, जुलै, ऑगस्ट. ती सगुणाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ही पाली नाय, बाय," सगुणाबाई म्हणाल्या. "मना दोन टायमाला झालाय. मी वलखते. चल, ऊठ."

त्यांनी तिला चादरीत गुंडाळलं, टोपली तिथेच टाकली, वृंदाचा मोबाईल आणि पर्स स्वतःच्या काखेत मारली आणि तिला लिफ्टमधून खाली आणलं. मिरवणुकीमुळे रिक्षा मिळेना. एक रिक्षावाला सीट खराब होईल म्हणून कुरकुरला. सगुणाबाईंनी त्याच्या आईच्या नावानं असं काही ऐकवलं की तो निमूट निघाला आणि गल्ल्यागल्ल्यांतून काढत स्टेशनजवळच्या एका प्रसूतिगृहाशी येऊन थांबला. वाटेत सगुणाबाई एकच सांगत होत्या, "डोले मिटू नको. माज्याशी बोल."

काउंटरवरच्या सिस्टरनं विचारलं, "पेशंटबरोबर कोण?" सगुणाबाई म्हणाल्या, "मी हाय." "कोण लागता?" काखेतली पर्स काउंटरवर ठेवत त्या म्हणाल्या, "मी हाय ना."

डॉक्टर नेत्रा तिशी ओलांडलेल्या, बोलायला भरभर. रक्त किती गेलं विचारल्यावर वृंदानं मोबाईल पुढे केला. त्यांनी वेळा वाचल्या आणि तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "हे बरं केलंत," त्या म्हणाल्या. मग लगेच सोनोग्राफी. खोलीत अंधार, पोटावर गार जेल, आणि पडदा डॉक्टरांच्या बाजूला वळवलेला.

"वृंदा, तुम्हाला दिवस गेले होते. साधारण नऊ आठवडे. गर्भ पडलाय, पण थोडा भाग आत अडकून राहिलाय, म्हणून रक्त थांबत नाहीये. आपल्याला पिशवी साफ करावी लागेल, आणि रक्तही चढवावं लागेल. समजतंय ना मी काय म्हणतेय?"

वृंदानं हो म्हटलं. अकरा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य तिनं ऐकलं होतं, आणि त्याला जोडूनच पुढचं. मधे आनंद व्हायलासुद्धा वेळ मिळाला नाही. तिनं फॉर्मवर सही केली. सही नेहमीसारखीच, नीट आली.

शुद्धीवर आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. हाताला रक्ताची बाटली लावलेली होती आणि शेजारी यज्ञेश बसला होता, कपाळावर गुलाल तसाच. सगुणाबाईंनी त्याला फोन लावून लावून शेवटी गाठलं होतं आणि आता त्या घरी गेल्या होत्या. त्यानं तिचा हात धरला. मग म्हणाला, "आपल्याला माहीतच नव्हतं ना. मग झालं ते झालं. तू बरी झालीस की बस." त्याला हे प्रेमानं म्हणायचं होतं हे तिला कळत होतं. तरी तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी घरी सोडायच्या आधी तिनं डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, "गोळ्यांमुळे गेलं का?"

"तसं मी म्हणणार नाही," डॉक्टर नेत्रा म्हणाल्या. "पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यातले बहुतेक मुळातच नीट वाढत नसतात. उभं राहिल्यानं नाही, पुरण वाटल्यानं नाही. पहिल्या दिवशी आला असतात तरी तो राहिला असता असंही नाही. पण तुमची तब्येत इतकी खालावली नसती. अजून तासभर तिथे बसला असतात तर काय झालं असतं, ते मला बोलायचं नाहीये." त्या खुर्ची ओढून बसल्या. "नुसता डाग पडला म्हणजे गेलंच असं नसतं, कित्येकींचं टिकतं. पण तो दिसला की त्याच दिवशी दाखवायचं, दिवस गेल्याची खात्री असो नसो. आणि तासाला एक पॅड असं लागोपाठ दोन तास भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, पोटात एका बाजूला किंवा खांद्यात कळ आली, तर घड्याळ बघत बसायचं नाही, निघायचं. घरी गेल्यावर ताप आला, घाण वास यायला लागला, तरी परत यायचं. आणि ती गोळी घ्यायच्या आधी पट्टी लावून बघायची."

"पट्टी लावायचं मी सोडून दिलं होतं," वृंदा म्हणाली. डॉक्टरांनी तिच्या पायावरचं पांघरूण सरळ केलं आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

घरी मालिनीताईंनी तिला तांदळाची पेज करून दिली. दोन दिवसांनी, खोलीत कुणी नाही असं बघून, त्यांनी विचारलंच. "त्या दिवशी, पूजेला बसलीस तेव्हा, जात होतं तुला?" वृंदा हो म्हणाली. मालिनीताई उठून बाहेर गेल्या. संध्याकाळी त्यांनी दिवाणखान्यात गोमूत्र शिंपडलं, आणि मुखवट्यांची पेटी जाताना डोंबिवलीला नेली, त्या दोन खोल्यांत जागा नव्हती तरी. हिमानी मात्र निघताना तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "मला तरी सांगायचंस गं." वृंदा म्हणाली, "सांगितलं असतं तर पूजा तुम्ही केली असती." हिमानीनं मान खाली घातली. नाही, असं तिनं म्हटलं नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. ऑफिसात व्हायरल म्हणून कळवलं होतं. यज्ञेश कामावर गेला की घर रिकामं. कुणाजवळ बोलायचं, आणि काय म्हणून बोलायचं? ज्याची बातमी कुणाला दिली नव्हती, ते गेल्याची बातमी कशी देणार? नाव नाही, फोटो नाही, तारीखसुद्धा डॉक्टरांनी अंदाजानं सांगितलेली. तिची आई असती तर तिला तरी फोन केला असता. दुपारी ती बाल्कनीत उभी राहायची आणि गेटवर सगुणाबाई दिसतायत का बघायची. एकदा धीर करून खाली गेली. सगुणाबाईंनी टोपलीतून शेपूची जुडी काढून तिच्या हातात दिली. "लसूण घालून खा. महिनाभर गार पान्यात हात घालू नको. बालंतीन हायस तू." आपण बाळंतीण आहोत, हे वृंदाला कुणी तरी पहिल्यांदाच सांगत होतं. ती तिथेच, गेटवर, रिक्षावाल्यांच्या देखत रडली, आणि सगुणाबाईंनी तिला रडू दिलं.

पंधरा दिवसांनी तपासणीला बोलावलं होतं. यज्ञेशनं अर्धा दिवस सुट्टी घेतली. नवीन केस पेपर भरायचा म्हणून सिस्टरनं दोघांना टेबलापाशी बसवलं आणि खाली बघूनच प्रश्न सुरू केले. वय, वजन, लग्नाला किती वर्षं. यज्ञेश भराभर उत्तरं देत होता. तिचा त्रास वाचवायचा होता त्याला.

"मुलं?"

"नाहीत," यज्ञेश म्हणाला.

"दिवस किती वेळा राहिले होते?"

"नाही, अजून तसं काहीच—"

"एकदा," वृंदा म्हणाली.

यज्ञेशनं तिच्याकडे पाहिलं. ती सिस्टरच्या हातातल्या पेनाकडे बघत होती. सिस्टरनं चौकटीत एक लिहिला, आणि पाळी शेवटची कधी आली ते विचारलं.